बाईंना पळायचं होतं

शिनगारे बाईंना मी खुर्चीत टेकून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. शिक्षकखोलीतली खुर्ची असो, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोरची असो की लग्नाच्या मांडवातली लाल प्लॅस्टिकची, बाई तिच्या पुढच्या कडेवर बसायच्या. एक पाय पुढं, एक मागं, तळवे गुडघ्यांवर. पाठीवर कुणाचा हात पडायचा अवकाश, उठून पळतील अशा. सगळं आयुष्य खो-खोच्या पाटीवर गेलेलं, दुसरं बसणं त्यांना येतच नव्हतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला आमच्या शाळेत मी गणित शिकवायला आले तेव्हा बाई तिथं खेळाच्या शिक्षिका म्हणून मुरलेल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पायांत पळायचे बूट. लग्नाला, बारशाला, सावडण्याला, सगळीकडं तेच बूट. पहिल्याच दिवशी मैदानाच्या कडेनं मी जात होते तर त्यांनी मला हटकलं. म्हणाल्या, "मॅडम, पळता का?" मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. "गुडघं सगळ्यांलाच असतेत," एवढं बोलून बाई परत शिट्टी वाजवायला लागल्या. आमची ओळख झाली ती अशी.

मुलींना त्या "गड्या" म्हणायच्या. "ए गड्या, आधी बघायचं, मग पळायचं." दुसरं वाक्य त्यांचं ठरलेलं असायचं. मुलगी धापा टाकत बाजूला आली की म्हणायच्या, "दम लागला म्हणजे खेळ सुरू झाला. आतापर्यंत नुसतीच हिंडत हुतीस." ही वाक्यं पाठ झालेल्या मुली गावोगावी होत्या. कुणी पोलिसात, कुणी नर्स, कुणी तेरच्या बाजूला शेतात. बाजारात भेटल्या की आधी बाईंच्या पाया पडायच्या आणि मग कडेवरचं लेकरू बाईंच्या हातात द्यायच्या. बाई त्या लेकराच्या पोटऱ्या दाबून बघायच्या आणि सांगायच्या, ही पळंल, किंवा ही काय पळत न्हाय, हिला शिकवा.

एकदा तपासणीला मोठे अधिकारी आले. भर दुपारी मुली मैदानावर कशा, म्हणून त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी साहेबांना हाताला धरून पाटीवर नेलं आणि दोन मुलींच्या मधल्या चौकोनात बसवलं. म्हणाल्या, साहेब, फकस्त एक डाव बसा, मग इचारा. आमच्या मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा पडला. साहेब मात्र खरंच बसले. इकडून तिकडून मुली वाऱ्यासारख्या जायला लागल्या, धूळ उडायला लागली, आणि बघता बघता साहेबही मान वळवून "डावीकडं, डावीकडं" करायला लागले. डाव संपला तेव्हा त्यांना उठता येईना. दोन मुलींनी बगलेत हात घालून उभं केलं. पँट झटकत साहेब म्हणाले, तपासणी झाली. पुढच्या महिन्यात शाळेला नवे खांब आले.

घरी बाई आणि त्यांचे यजमान भीमराव, दोघंच. लेक लग्न होऊन लातूरला. भीमरावांना आम्ही सगळ्या शिक्षिका दाजी म्हणायचो. दाजी शेती बघायचे. उंच, शांत, बोलायला कंजूष. बाई दहा वाक्यं बोलल्या की दाजी "व्हय" म्हणायचे. सकाळी मोटारसायकलवरून बाईंना शाळेत सोडायचे आणि त्या मैदानात शिरेपर्यंत फाटकाशी थांबायचे. इतक्या वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिलेला नव्हता, बाईंना पळतानाही नाही. त्यांना हारजीत बघवायची नाही.

जिल्ह्याचा अंतिम सामना धाराशिवला होता, तिथं हे सगळं सुरू झालं. आमच्या मुली मागं पडल्या होत्या. शेवटचा डाव, समोरच्या संघाच्या तिघी पळणाऱ्या मैदानात, आणि दोघी बाद होऊनही तिसरी काही केल्या हाताला लागत नव्हती. बाई रेषेबाहेरून तिच्या बरोबरीनं पळत होत्या. पंचांनी दोनदा मागं सरकवलं, तरी थांबेनात. सगळं मैदान उभं राहिलं होतं. मी, जिला खो-खोतलं काही कळत नव्हतं, तीही बाकावर उभी होते. आमच्या कर्णधार मुलीनं खांबाला धरून अंग असं काही झोकून दिलं की ती आडवीच हवेत गेली, आणि तिची बोटं त्या तिसरीच्या पाठीला लागली. शिट्टी झाली. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, ओरडायला लागल्या, रडायला लागल्या.

मी बाईंकडं वळले तर बाई जमिनीवर बसलेल्या. चेहऱ्यावर घाम, ओठ कोरडे. मी खाली वाकले तर त्यांनी माझा हात ओढून आपल्या मनगटावर ठेवला. मुठीत धरलेलं पाखरू फडफडावं तशी नाडी उडत होती. त्यात काही तालच नव्हता. दोन ठोके भराभर, मग काहीच नाही, मग पुन्हा तीन-चार एकावर एक. मी घाबरले. बाई म्हणाल्या, "मॅडम, गप ऱ्हावा. पोरींला नाचू द्या आधी."

मुली नाचल्या, ढाल घेतली, फोटो झाले. फोटोत बाई मधोमध बसलेल्या आहेत, हसताहेत. त्यांच्या खांद्याला मी मागून धरलंय ते कुणाला दिसत नाही.

धाराशिवच्याच एका डॉक्टरांनी छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली आणि नीट समजावून सांगितलं. हृदयाचे वरचे कप्पे एका लयीत आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरताहेत. त्याला त्यांनी एट्रियल फिब्रिलेशन म्हटलं. कधी आपोआप थांबेल, कधी तासन्‌तास चालेल. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, ठोके आवरायची गोळी, आणि पळणं तूर्त बंद.

दुसऱ्या दिवशी मुलींना कळलंच. गावात काय लपतं? बाईंनी सगळ्यांना पाटीवर बसवलं आणि विचारलं, "आठी जणी खो न घेताच एकदम उठल्या तर काय हुईल?" मुली ओरडल्या, फाऊल. बाई म्हणाल्या, माझ्या छातीत तसलं फाऊल हुतंय, आणि शिट्टी वाजवायला आत कुणी न्हाय. मुली हसल्या. मग त्यातली एक रडायला लागली, तर बाईंनी तिला मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या.

त्यानंतरचं वर्ष वाईट होतं. गोळ्यांनी ठोके आवरले, पण बाईही आवरल्या गेल्या. जिना चढताना मध्ये थांबायच्या. पातळ रक्तामुळं कुठं जरा आपटलं की निळा डाग उठायचा. एकदा प्रार्थनेच्या वेळी नाकातून रक्त आलं ते लवकर थांबेना. फडफड येईल तेव्हा आधी काहीच कळायचं नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, कधीही. बोलता बोलता बाई गप्प व्हायच्या आणि उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर जायची. सल्ले तर दारात चालत यायचे. कुणी अर्जुनाची साल उकळून आणली, कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी ताईत बांधला. बाई काढ्याचा वास घ्यायच्या आणि कुंडीत ओतायच्या. म्हणायच्या, झाडाचं औषध झाडाला.

मैदानाच्या कडेला त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवली गेली. पाठीला उशी असलेली. शाळेनं मायेनंच ठेवली होती. एका दुपारी मी वर्गातून पाहिलं, बाई त्या खुर्चीत मागं टेकून बसल्या होत्या. मुली पळत होत्या आणि बाई त्यांच्याकडं बघतही नव्हत्या. मी फळ्याकडं वळले आणि काय लिहायचं होतं तेच आठवेना.

डॉक्टरांनी पुण्याला एका हृदयाच्या तालाच्या तज्ज्ञाकडं पाठवलं. त्या तरुण डॉक्टरबाई होत्या. बाई, दाजी आणि मी, तिघंही गेलो. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या चार नसांच्या तोंडाशी हा गोंधळ सुरू होतो. मांडीच्या शिरेतून बारीक तार आत न्यायची आणि त्या तोंडांभोवती चटके द्यायचे, म्हणजे गोंधळ आतल्या आत अडतो. छाती फाडायची नाही. याला अब्लेशन म्हणतात. नाहीतर गोळ्यांवरही राहता येतं, पुष्कळ लोक राहतात. घाई नाही, विचार करा, असं त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये दाजी तो हृदयाचा कागद उलगडून बघत होते. घरी आल्यावर बोलले. मी चहाला थांबले होते, मला उठून जाता येईना. दाजींची आई सोलापूरच्या दवाखान्यात साध्या ऑपरेशनला म्हणून गेली होती आणि परत आली ती पांढऱ्या कापडात. त्यांना ते सगळं पुन्हा दिसत होतं. म्हणाले, काळजात तार घालायची म्हणजे काय खेळ हाय का? गोळ्यांवर बरं चाललंय. शाळा सोड, घरी ऱ्हा.

"बसून जगलीस तरी माझ्यासाठी लई हाय," दाजी म्हणाले.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "तुमच्यासाठी हाय. माझ्यासाठी न्हाय."

पुढं कितीतरी दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं चालायचं. दाजी सकाळी सोडायला यायचे, फाटकाशी थांबायचे, पण बाई मागं वळून बघायच्या नाहीत.

शेवटी बाईंनीच मार्ग काढला. डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा राहिलाय, एवढंच म्हणाल्या, आणि आम्हा दोघांना घेऊन परत पुण्याला गेल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. मला तेवढ्यानंच बरं वाटलं. आणि त्यांनी त्या डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, "तुमच्या हातून कधी चुकलंय का?"

दाजी जमिनीकडं बघायला लागले. डॉक्टरबाईंनी पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, हो. एका पेशंटच्या हृदयाभोवती रक्त साचलं होतं. लगेच लक्षात आलं, सुई घालून काढलं, तो माणूस वाचला. पण त्या रात्री मी घरी जाऊन जेवले नाही. काहींना काही महिन्यांनी त्रास परत सुरू होतो आणि दुसऱ्यांदा करावं लागतं. काहींना दोनदा करूनही गोळ्या सुटत नाहीत. लकव्याचा धोका थोडा असतो, पण नसतोच असं मी म्हणणार नाही. तुम्हाला पूर्ण बरं करते असं वचन मी देऊ शकत नाही. पण तुमचा आजार अजून सुरुवातीचा आहे, हृदयही फार वाढलेलं नाही, त्यामुळं तुमच्याबाबत मला आशा आहे.

बाई दाजींकडं वळल्या. "ऐकलं न्हवं? जी हरलेला सामना सांगती, तिच्या संघात जायला भ्या न्हाय."

दाजी कितीतरी वेळ त्या डॉक्टरबाईंच्या हातांकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी मला दाराबाहेर उभं ऱ्हाऊ देचाल का? डॉक्टरबाई म्हणाल्या, खुर्ची देईन. दाजी म्हणाले, खुर्ची नको.

ठरलेल्या सकाळी बाई स्ट्रेचरवर इतक्या खुशीत होत्या की नर्सला वाटलं भुलीचं औषध आधीच दिलंय. केसांची टोपी कपाळावर ओढून त्या मला सांगत होत्या की विभागीय सामने जवळ आलेत, पोरींचा खांबावरचा सराव बुडवू नका. मी म्हटलं, मला खांबातलं काय कळतं. म्हणाल्या, शिट्टी तर वाजवता येती? स्ट्रेचर आत गेलं. दाजी दाराबाहेर भिंतीला हात लावून उभे राहिले. मी दोनदा चहा आणला, दोन्हीदा गार झाला. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडं ते बघत होते. एका सफाईवाल्या मावशींनाही त्यांनी विचारलं, आतलं कसं चाललंय.

मग दार उघडलं आणि डॉक्टरबाई मास्क खाली करत बाहेर आल्या. चारही नसांचं काम व्यवस्थित झालं होतं. ठोके लयीत होते. दाजींनी दोन्ही हात जोडले. मग भिंतीला पाठ लावून ते तिथंच खाली बसले आणि पटक्याच्या शेवात तोंड घालून रडले. मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. मीही रडत होते आणि हसतही होते. येणारी-जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

बाईंना पाय न हलवता उताणं पडून राहायचं होतं. त्यांना एवढी मोठी शिक्षा कुणी केली नव्हती. आम्ही आत गेलो तर त्या छताकडं बघत नर्सला सांगत होत्या की तुझ्या पोटऱ्या चांगल्या हायेत, लहानपणी पळायला पायजे हुतंस. दाजींनी त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी कशी बघतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, बोटं भलतीकडंच होती. बाईंनी ती सरकवून बरोबर जागी ठेवली. दाजी डोळे मिटून ऐकत राहिले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

गोष्ट इथंच गोड झाली असं नाही. दिवाळीच्या आसपास, फराळ करताना, परत फडफड सुरू झाली. चार दिवस येत-जात राहिली. बाईंचा चेहरा उतरला. फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या, सुरुवातीचे तीन महिने असं होऊ शकतं, आतले चटके भरताहेत, गोळ्या चालू ठेवा, थांबा. या वेळी घाबरल्या त्या बाई. मला म्हणाल्या, मॅडम, मी त्यांचं ऐकायला पायजे हुतं का? दाजी शेजारीच चकल्या पाडत होते. "आता डाव संपल्याबिगर उठायचं न्हाय," दाजी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं खेळाचं ते पहिलं वाक्य.

फडफड थांबली. आठवडे गेले, संक्रांत आली, ती परत आली नाही. पुण्याला जाऊन ईसीजीची पट्टी काढली, मग दिवसभर अंगावर बांधायचं यंत्र लावलं, सगळं सरळ. रक्त पातळ ठेवायची गोळी मात्र डॉक्टरबाईंनी सोडवली नाही, आणि पळायचं तर हळूहळू, असं बजावलं. बाईंनी हळूहळू हा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच पाळला. आधी मैदानाला चालत चकरा, मग भरभर चालत. मुली सरावाचं सोंग करायच्या आणि चोरून बाईंकडं बघायच्या. एका सकाळी बाई खांबापाशी थांबल्या, पदर खोचला, आणि पळाल्या. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत, तेवढंच. तिकडच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या, छाती वरखाली होत होती, आणि मुली सराव सोडून जागच्या जागी उभ्या होत्या. मग बाईंनी मान वर केली. हसल्या. मुलींनी जो काय गलका केला, तो बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला असणार. आमचे मुख्याध्यापक काय झालं म्हणून अर्धी दाढी तशीच ठेवून घरातून धावत आले.

त्या उन्हाळ्यात माझी उमरग्याकडं बदली झाली. निघायच्या दिवशी बाई आणि दाजी दोघंही मला सोडायला वाशीच्या स्टँडवर आले होते. दाजींना धाराशिवला बियाण्याचं काम होतं, ते माझ्याच बसमध्ये बसले. बाई खाली उभ्या राहून मला सांगत होत्या, तिकडं कानडी पोरी असत्यात, दणकट असत्यात, त्यांना पळायला लावा. बस सुटली. स्टँडच्या फाटकातून बाहेर पडलो आणि माझ्या लक्षात आलं, बाकावर माझी पिशवी राहिली.

मी मागं वळून पाहिलं. बाईंच्या ते आधीच लक्षात आलं होतं. पिशवी छातीशी धरून त्या बसमागं पळत येत होत्या. रिक्षावाले बाजूला होत होते, एक फळवाला हातगाडी वळवत होता, आणि बाई त्या सगळ्यांतून कशा कुठून वाट काढत होत्या ते कळत नव्हतं. बसमधली माणसं ओरडायला लागली, थांबवा, थांबवा, बाई येतेय. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

दाजींनी त्याचा हात धरला. खिडकीतून अर्धे बाहेर झुकून ते मागं बघत होते, तोंडावर वारा, डोळ्यांत पाणी.

"जरा दम धर भावा," ते म्हणाले. "पळू दे तिला. म्या आजच बघतोय."